रानात राहायचं, पण सोयीनं

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाची पहिली काही वर्षं नायगारा, न्यूयॉर्क, डिस्ने आणि लास व्हेगास यांत जातात, कारण तिथले फोटो पाठवले की डोंबिवलीच्या मावशीला हे कुठलं ठिकाण ते वेगळं सांगावं लागत नाही. ग्रीन कार्डचा अर्ज एकदाचा रांगेत लागला की त्याला निसर्गाची ओढ लागते. ‘कुठेतरी शांत, गर्दीपासून लांब जाऊ या’ असं तो म्हणू लागतो आणि गर्दीपासून लांब जाण्यासाठी सर्वांत आधी माणसं जमवायला घेतो. शांततेत त्याचं एकट्याचं भागत नाही. ‘काय शांत आहे नाही इथे!’ हे ऐकायला शेजारी कुणीतरी लागतं.

आमच्या फ्रीमाँटच्या कंपूत ही ओढ सुरू झाली ती एका डोहाळजेवणात, मसालेभाताच्या दुसऱ्या वाढपाच्या सुमारास. पहिला प्रस्ताव तंबूचा होता. तो गुडघ्यांनी फेटाळला. तंबूत आत जाताना आणि बाहेर येताना जे रांगावं लागतं, ते चाळिशीनंतर फक्त खाटेखाली गेलेला चष्मा काढण्यापुरतं ठीक असतं. हॉटेलचा प्रस्ताव बायकांनी फेटाळला. हॉटेलातच राहायचं तर मग जंगलात कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. मग कुणीतरी म्हणालं, ‘केबिन घेऊ या.’ लाकडी खोली, वर छप्पर, दाराला कुलूप, आत दिवा आणि हिटर. धड कँपिंग नाही, धड हॉटेल नाही. मराठी मध्यमवर्गाला असा मधला मार्ग फार मानवतो. फर्स्ट क्लासचा पास काढून डबा घरून नेणारी माणसं आपण.

कुठे जायचं हा प्रश्न एका जुन्या संसारानं सोडवला. मित्राचे आईवडील उन्हाळ्यात इकडे येणार होते. काका गुहागरकडचे. समुद्र दिसल्याशिवाय सहल झाली असं त्यांना वाटतच नाही. काकूंचं माहेर आंबोलीचं. त्यांच्या मते वाळूत चालणं म्हणजे विनाकारण दमणं, आणि झाडांशिवाय सगळं उघडंबोडकं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत आली तरी हा वाद मिटलेला नाही. तेव्हा जंगलही हवं आणि समुद्रही हवा, तेही एकाच मुक्कामात, कारण सामान दोनदा उतरवायला कुणी तयार नव्हतं.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला ही सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. तिथला कोस्ट रेडवुड समुद्राला सोडून राहूच शकत नाही. बिग सरच्या आसपास सुरू होऊन ऑरेगनच्या हद्दीत जेमतेम पाऊल टाकणारा, साडेचारशे मैलांचा चिंचोळा किनारपट्टा, एवढंच काय ते त्याचं नैसर्गिक राज्य. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही. गार पॅसिफिकवरून धुकं आत येतं, पानांवर साचतं, थेंब थेंब मुळांशी गळतं, आणि थोडं तर पानंच पिऊन टाकतात. तीनशे फुटांचं झाड उन्हाळा काढतं ते बरंचसं या धुक्यावर. ही माहिती मित्रानं मोठ्या कौतुकानं फोनवर आईला वाचून दाखवली. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून पुन्हा धुकंच बघायचं? मग आंबोलीला काय वाईट होतं?’

मुक्काम ठरला प्रेअरी क्रीक रेडवुड्स स्टेट पार्कात, एल्क प्रेअरी नावाच्या कँपग्राउंडवर. तिथे केबिन आहेत चार. चारशे नव्हे, चार. आणि आरक्षण उघडतं बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता.

आता या सहा महिन्यांतली गंमत पाहा. हिंदुस्थानातून मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना विमानतळावर साधारण सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. म्हणजे ज्या दिवशी ते विमानातून उतरतील त्याच दिवशी सकाळी आठला बुकिंग केलं, तर मिळणारी तारीख त्यांच्या परतीच्या विमानाची. त्यामुळे जुलैच्या केबिनसाठी आम्ही जानेवारीत दबा धरून बसलो तेव्हा काका-काकू चिपळूणलाच होते. तिथे रात्रीचे साडेनऊ वाजलेले. काका व्हिडिओ कॉलवर. हयातभर गणपतीला मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट काढलेला माणूस, आरक्षणाच्या लढाईत त्यांचा अधिकार मोठा. पण कोकण रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी मिळतं, आणि इथे सहा महिने म्हटल्यावर तेही वरमले. ‘तोवर माणूस धडधाकट असेल याची खात्री करून घेतात का रे हे लोक?’

आठला एक मिनिट कमी असताना चार लॅपटॉपांवर चार माणसं बोटं टेकवून बसली होती. आठ वाजून गेल्यावर जे झालं ते सांगण्यासारखं नाही, आणि ते आठवडाभर रोज झालं. शनिवार-रविवार डोळ्यांदेखत करडे झाले. शुक्रवार गेला. अखेर मंगळवार-बुधवारच्या दोन रात्री, दोन केबिन, आमच्या हाताला लागल्या. दोन कशाला? तर एका केबिनीत सहा माणसं चालतात आणि आम्ही होतो सात. काका, काकू, मित्र, त्याची बायको, आम्ही दोघं आणि मित्राची आठ वर्षांची मुलगी. एका चिमुरडीपायी त्या अख्ख्या कँपग्राउंडवरच्या निम्म्या केबिन महाराष्ट्राच्या ताब्यात आल्या. काकांना हे कळल्यावर त्यांना अटकेपार गेल्यासारखं वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या सगळ्या पेन्शनर मंडळींना ही बातमी ठाऊक होती.

आता आमच्या मित्राविषयी. तो सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम मॅनेजर आहे. स्वतः प्रोग्रॅम लिहीत नाही, दुसऱ्यांनी केव्हा लिहायचे ते ठरवतो. केबिन मिळाल्याच्या संध्याकाळी त्यानं एक्सेलची फाइल सर्वांना पाठवली. तिच्यात पानं होती ती अशी : मेनू, औषधं, अंथरूण-पांघरूण, मोटारीतली बसण्याची जागा, जंगली प्राणी आणि त्सुनामी. प्रत्येक कामापुढे ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना. त्सुनामीपुढे माझं नाव होतं.

पुढचे सहा महिने या फाइलच्या आधारानं बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीला जेवण असे, आणि त्या जेवणाच्या मेनूसाठी वेगळी चर्चा आदल्या रविवारी होई.

पहिल्याच बैठकीत बाँब पडला. पार्कची माहिती वाचता वाचता मित्राच्या बायकोनं मान वर करून विचारलं, ‘अरे, या केबिनला किचन नाहीये?’

नाही. किचन नाही, बाथरूम नाही. बंक बेड आहेत, त्यांवर पसरायचं ते आपलं आपण न्यायचं. आत स्वयंपाकाला बंदी. बाहेर टेबल-बाकडी आणि जाळी असलेली शेगडी आहे. संडास, गरम पाण्याच्या मोऱ्या, सगळं आहे, पण चालत जाऊन. खोलीत क्षणभर शांतता पसरली. मराठी घरातून किचन काढून टाकलं की मागे उरतं काय, याचा विचार प्रत्येक जण आपापल्या परीनं करत असावा.

मग त्या मोकळ्या जागेत किचन भरायला सुरुवात झाली. दोन तोंडांची गॅस शेगडी माझ्याकडे होती. थालीपीठ लावायला बिडाचा तवा हवाच, कारण नॉनस्टिकवर ते ‘उगाच होतं’. पोहे धुवायला चाळणी हवी. लिंबं कापायला विळी नको, सुरी चालेल, ही माघार बरीच वाद घालून घेतली गेली. प्रेशर कुकरवर मात्र मतदानाची वेळ आली. कँपग्राउंडवर रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही, असा नियम आहे. काका पहाटे पाचला उठतात आणि साडेपाचला त्यांना मऊभात-मेतकूट लागतो. भात कुकरमध्ये होतो आणि कुकर शिट्टी करतो. मित्रानं फाइलीत ‘शिट्टी’ नावाचा उपरकाना उघडला. माझी बायको म्हणाली, पातेल्यात करू, पूर्वी काय कुकर होते? त्यावर काकूंनी फोनवरून पातेल्यातला भात, पाण्याचं माप, वर झाकण, झाकणावर पाणी, अशी संथा दिली. त्यात वीस मिनिटं गेली आणि शेवटी त्याच म्हणाल्या, ‘पण कुकर घ्या हो. पातेल्यातला भात लागला तर रानात घासायचं कुणी?’

पुढचा प्रश्न माणसं वाटून घेण्याचा. दोन केबिन, सात माणसं. नवराबायकोच्या हिशोबानं सोपं होतं, पण मूळ भेद तो नव्हताच. भेद होता घोरणारे आणि न घोरणारे. घोरणाऱ्यांची एक केबिन करायची ठरल्यावर, आपण घोरतो हे कबूल करायला कुणी तयार होईना. पुराव्यादाखल बायकांनी मोबाइलवरची रेकॉर्डिंग काढली. ती त्यांनी आधीपासून करून ठेवलेली होती हे पाहून दोन्ही नवरे जरा गंभीर झाले. वरच्या बंकवर मुलगी आणि मी, असं ठरलं. का, तर वजन. मुलीच्या बाबतीत कमी म्हणून आणि माझ्या बाबतीत ‘तू रात्री उठत नाहीस’ म्हणून.

रात्री उठणं हा साठीपुढच्या मंडळींच्या प्रवासाचा खरा नकाशा. काकांनी व्हिडिओ कॉलवर दोनच गोष्टी विचारल्या होत्या. संडास किती पावलं, आणि वाटेत काय असतं. पहिल्याचं उत्तर सोपं होतं. शिवाय या केबिन अपंगांनाही वावरता येईल अशा बांधलेल्या आहेत, चढायला रॅम्प आहे, म्हणजे पायऱ्यांची धास्ती नाही. दुसऱ्याचं उत्तर ‘जंगली प्राणी’ या पानावर होतं. वाटेत एल्क असतात. रूझवेल्ट एल्क. थिओडोर रूझवेल्टच्या नावाचं हे सांबराच्या कुळातलं जनावर, मोठा नर साडेचारशे किलोच्या घरात जातो आणि कँपग्राउंडसमोरच्या गवताळ मैदानात, ज्याच्यावरून त्या जागेला नाव पडलं, मालकासारखा चरत असतो. मे-जूनमध्ये पिलं झालेल्या माद्या अंगावर येतात, शरद ऋतूत माजलेले नर. जुलै त्या मानानं बरा. काका म्हणाले, ‘आमच्याकडे गवा असतो. टॉर्च मारायचा नाही आणि नाव विचारायचं नाही.’ एल्कसाठीही हाच सल्ला फाइलीत नोंदवला गेला.

एप्रिलमध्ये काका-काकू येऊन पोचले आणि नियोजनाला धार आली. काकांनी आल्या आल्या कालनिर्णय भिंतीला टांगलं आणि समुद्राचा कारभार स्वतःकडे घेतला. कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी पाहायला पुस्तक लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. काकांनी आमच्या दोन्ही दिवसांच्या वेळा तोंडी काढून दिल्या. मित्रानं सरकारी तक्ता उघडून ताडून पाहिलं. जुळेना. काकांनी तिथी पुन्हा पाहिली. जुळेना. मग त्यांच्या लक्षात आलं की तक्त्यात एका दिवसाच्या दोन भरत्या चक्क वेगवेगळ्या उंचीच्या आहेत, एक थोरली आणि एक धाकटी. पॅसिफिकच्या त्या किनाऱ्यावर असंच असतं, आणि वेळांचं गणित तर बंदरागणिक निराळं. काकांनी चष्मा काढून ठेवला. ‘समुद्राला शिस्त नाही इथे,’ एवढंच म्हणाले. पण पुढचे चार दिवस ते कागदावर काहीतरी आकडेमोड करत होते आणि शेवटी त्यांनी त्या किनाऱ्यासाठी एक सुधारित सूत्र काढलं. ते बहुतेक वेळा तासाभरानं चुकतं, असं मित्राचं म्हणणं. काकांच्या मते तक्ता चुकतो.

पोहण्याचे कपडे घ्यायचे की नाहीत हा मुद्दा मुलीनं मांडला. त्या समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही दहा ते तेरा अंशांच्या पुढे फारसं जात नाही, आणि मधूनच एखादी लाट इतरांपेक्षा कितीतरी वर चढून माणसाला ओढून नेते. म्हणून समुद्राकडे पाठ करू नका, असं पार्कवाले बजावतात. म्हणजे सेल्फी बाद. जुलै महिन्यात समुद्रकिनाऱ्यावर जायला सात स्वेटर, सात कानटोप्या आणि काकांचा मफलर, अशी नोंद झाली.

त्सुनामीचं पान माझ्याकडे होतं हे सांगितलंच. मी ते गांभीर्यानं घेतलं, कारण विषयच तसा आहे. मुक्कामापासून तासाभरावर उत्तरेला क्रेसेंट सिटी नावाचं गाव आहे. १९६४ साली अलास्कात ९.२ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, त्याच्या लाटा मध्यरात्री या गावात शिरल्या. पहिल्या लाटांनंतर लोक आवराआवर करायला खाली परत आले. चौथी लाट सर्वांत मोठी होती. अकरा माणसं गेली. आजही हायवे १०१ वरून जाताना त्सुनामीच्या टापूत शिरल्याच्या आणि बाहेर पडल्याच्या पाट्या लागतात. हे मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले. मी आपला मुद्दा मांडला : जमीन हलली की सामान न आवरता वर पळायचं, आणि कितीही वाटलं तरी लगेच खाली यायचं नाही. सर्वांनी मान डोलावली. मग काकू हळूच म्हणाल्या, ‘बिडाचा तवा तेवढा घेतला तर?’

सर्वांत उंच झाड पाहायचं, अशी मुलीची फर्माईश होती. शाळेत तिनं त्याच्यावर प्रकल्प केलेला. हायपेरियन त्याचं नाव, २००६ मध्ये सापडलं, उंची जवळजवळ ११६ मीटर, म्हणजे ३८० फूट. जगात याहून उंच जिवंत झाड माहीत नाही. आहेही आमच्या वाटेवरच्याच राष्ट्रीय उद्यानात. पण बघायला जायचं नाही. पायवाट नसताना लोकांनी तिथवर जाऊन बुंध्याभोवतीची माती तुडवली, नेचे मेले, म्हणून तो भाग बंद केला. आता गेलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. ‘सहा महिने?’ काका म्हणाले. ‘म्हणजे व्हिसाइतकेच.’ मुलीला मग बिग ट्री नावाच्या दुसऱ्या झाडावर राजी केलं. ते रस्त्यालगतच आहे, २८६ फूट उंच, दीड हजार वर्षांचं, आणि त्याच्यापाशी उभं राहायला दंड पडत नाही. एवढाली ही झाडं, पण मुळं दहा-बारा फुटांच्या खाली क्वचितच जातात. ती आडवी पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत अडकून उभी राहतात. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पानं मात्र अगदीच सुईसारखी दिसतायत. एवढ्या झाडाची पत्रावळ व्हायची नाही.’

जूनच्या शेवटी अस्वलांचं पान उघडलं. काळी अस्वलं तिथे आहेत. त्यांना वास लागतो. म्हणून नियम असा की खाण्याची आणि वासाची प्रत्येक वस्तू बाहेरच्या लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवायची. नुसतं अन्न नव्हे, टूथपेस्ट, साबण, अत्तर, सगळं. मित्रानं सामानाची यादी समोर घेतली आणि वास येणाऱ्या वस्तूंवर पिवळा रंग मारायला लागला. हिंग. लसणीची चटणी. मेतकूट. कांदालसूण मसाला. आमसुलं. काकांचं अमृतांजन. काकूंचं निलगिरीचं तेल. नेहमीच्या औषधांत ओवा-सुंठ. देवासाठी उदबत्ती, कारण दोन दिवस झाले तरी दिवे लावायची वेळ चुकवायची नाही. रंगवता रंगवता अख्खं पान पिवळं झालं. पांढऱ्या उरल्या त्या फक्त चादरी, आणि त्याही ज्या कपाटातून निघाल्या होत्या तिथे डांबराच्या गोळ्या होत्या. मग मित्रानं विचार बदलला. सामान पेटीत ठेवण्यापेक्षा आपणच पेटीत झोपावं आणि सामान केबिनमध्ये ठेवावं, असं तो म्हणाला. सहा महिन्यांतला त्याचा हा एकच विनोद, म्हणून इथे देतोय.

सुक्या बोंबलांचा विषय काकांनी एकदाच काढला. कुणी काही बोललं नाही. त्यांनीही पुन्हा काढला नाही.

लाकडांचंही असंच झालं. माझ्या गॅरेजमध्ये जुन्या कुंपणाच्या फळ्या पडून होत्या. शेकोटीला फुकटात झालं, या आनंदात मी त्या बांधूनही ठेवल्या. तर तिकडे म्हणतात लाकूड बाहेरून आणू नका, कारण त्यातून किडी आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. जिथे जाळायचं तिथलंच विकत घ्या. फुकटचं लाकूड घरी ठेवून पैशांचं लाकूड जाळायचं, याचं मला दोन दिवस वाईट वाटत होतं.

पण खरा पेच निघाला तो निघण्याच्या आदल्या संध्याकाळी.

मोटार भरून झाली होती. पार्कातल्या फर्न कॅनियन या घळीचा परवाना छापून झाला होता. उन्हाळ्यात मोटार न्यायची तर तोही आधी काढावा लागतो. ज्युरासिक पार्कच्या दुसऱ्या सिनेमाचं थोडं चित्रीकरण त्या घळीत झालं होतं, हे मुलगी सर्वांना परत परत सांगत होती. काकूंनी आणि मित्राच्या बायकोनं मिळून पातळ पोह्यांचा चिवडा केला होता. पाच किलोच्या पत्र्याच्या डब्यात, शिगोशीग, वर तळलेल्या खोबऱ्याचे काप. शिवाय चकल्या, कडबोळी आणि शंकरपाळे. मित्र पार्कचे नियम शेवटचे एकदा चाळत होता. तो एकदम थांबला.

‘अरे, इथे एक कण सांडलेला चालत नाही.’

म्हणजे कसं? म्हणजे असं की, या जंगलांत एक पक्षी अंडं घालतो. मार्बल्ड मर्लेट. वीतभर, तपकिरी, दिसायला काही विशेष नाही. राहतो समुद्रावर, मासे खातो, पाण्यावरच झोपतो. पण अंडं घालायला हा समुद्रपक्षी मैलोन् मैल आत उडत येतो आणि जुन्यापुराण्या झाडाची, खूप उंचावरची, शेवाळलेली जाड फांदी निवडतो. घरटं बांधत नाही. शेवाळातल्या खोलगट जागेत एकच अंडं. शास्त्रज्ञांना याचं पत्त्यासकट घरटं पहिल्यांदा दिसलं ते १९७४ मध्ये, तेही कॅलिफोर्नियातच, बिग बेसिनला, झाडावर चढलेल्या एका कामगारामुळे. तोवर हा पक्षी अंडं कुठे घालतो हे कोडंच होतं. नर-मादी चोवीस चोवीस तासांच्या पाळ्या लावून अंडं उबवतात. एक अंड्यावर, दुसरा समुद्रावर. मग उजाडता-मावळता पिलासाठी मासा घेऊन जंगलात ये-जा.

‘जंगल आणि समुद्र, दोन्ही एका मुक्कामात,’ काका म्हणाले. ‘आपलाच माणूस.’

आणि चिवड्याचा याच्याशी संबंध असा : माणसांनी सांडलेले कण टिपायला डोमकावळे आणि स्टेलर्स जे नावाचे निळे, काळ्या तुऱ्याचे पक्षी कँपग्राउंडभोवती जमतात. एकदा खाणं मिळालं की जागा लक्षात ठेवतात, संख्येनं वाढतात, आणि जेवण झाल्यावर वरच्या फांद्या धुंडाळताना मर्लेटचं अंडं सापडलं तर तेही खातात. मर्लेट तसाही १९९२ पासून संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत आहे. म्हणून पार्कचं म्हणणं, खा, पण कण पडू देऊ नका.

मराठी माणसाला कण न पाडता चिवडा खा म्हणून सांगणं म्हणजे काय, हे त्या पार्कवाल्यांना कळणं कठीण. चिवडा बशीतून उचलला की त्यातला काही भाग तोंडात जातो, काही शर्टावर, आणि एखादा शेंगदाणा कायम सोफ्याच्या फटीत. आम्ही तिथल्या तिथे सगळ्या फराळाची छाननी केली. चकली : मोडताना उडते, बाद. शंकरपाळे : खुसखुशीत झाल्याबद्दल काकूंचं कौतुक, आणि म्हणून बाद. कडबोळं दातानं नीट तोडता आलं तर पास, पण काकांच्या कवळीचा विचार करता सशर्त. बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो, तो कुठेही जात नाही, पास. तिखटमिठाच्या पुऱ्या मऊ असतील तरच. थालीपीठ, धपाटे, दशम्या निःशंक पास. रव्याच्या लाडवावर मतभेद झाले. माझ्या बायकोनं एक लाडू ओट्यावर उभा धरून दाबून दाखवला. ओट्यावर जे पडलं ते पाहून ठराव एकमतानं नामंजूर झाला.

राहिला चिवडा. काकूंनी आठवडाभर मनात धरलेला, दुपारभर खपून केलेला. तो नको म्हणायचं कुणी? मित्र एक्सेलमध्ये नजर खुपसून बसला. मीही त्सुनामीचं पान पुन्हा वाचायला घेतलं.

काकूंनीच विचारलं, ‘किती अंडी म्हणालास?’

‘एक.’

‘वर्षाला?’

‘बहुतेक वर्षी एकच.’

काकूंनी मोटारीतून डबा काढायला लावला. ‘राहू दे मग. एकुलत्या एकाच्या जिवावर चिवडा कसला खायचा.’

डबा घरात आला. आता पाच किलोच्या डब्यातला चिवडा घरी ठेवून दोन दिवस जायचं म्हणजे तो मऊ पडणार, हे काकांनी निदर्शनास आणलं. मग सर्वांनी ओट्याभोवती उभं राहूनच सुरुवात केली. कुणी कांदा चिरला, कुणी लिंबू पिळलं. मुलीच्या पुढ्यात इतका सडा पडला की तिनंच खाली बघून म्हटलं, ‘इथे मर्लेट नाहीत ना?’ साडेदहाला डब्याचा तळ दिसू लागला. फाइलीत चिवड्यापुढे ‘पूर्ण’ असा शेरा पडला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच ठरल्या वेळेच्या आधी एक काम झाल्याचं समाधान मित्राच्या चेहऱ्यावर दिसलं.

आम्ही चपला घालून निघत होतो तेवढ्यात काका म्हणाले, ‘एक सांगा. तिथे पोचायला साडेतीनशे मैल. सात तास तरी लागतील. मोटार काही पार्कात येत नाही. वाटेत तोंडात टाकायला काय आहे?’

मित्रानं लॅपटॉप पुन्हा उघडला. त्याच्या बायकोनं काकूंकडे पाहिलं, काकूंनी घड्याळाकडे.

‘पोहे आहेत का गं अजून?’ असं विचारत काकूंनी कढई खाली काढली.